खर्ज थांबतो ती जागा

कार्डिफ, १२ जानेवारी

गेथिन,

गाण्याचं मेमरी कार्ड मिळालं. पाकिटात बिस्किटांचा चुराही मिळाला. तो मला खाऊ म्हणून पाठवला होतास, की लाउरीच्या नजरेआड खाताना सांडला, तेवढं कळव.

खरं तर फोनच करणार होते, पण आपला करार आठवला. गाण्याबद्दलचं सगळं टपालाने. चिठ्ठी तुझ्या त्या टोकाला पोहोचेपर्यंत दोघांचंही डोकं थंड होतं. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो.

तर, पाच गाणी झाली, सहावं उरलंय, आणि तेच नेमकं तुझं सतरा मिनिटांचं ‘एन्ली’. रविवारी ऐकायला बसले ती कपाळाला आठ्या घालूनच. आपल्या वयाची माणसं नातवंडांचे वाढदिवस करतात. आपण पहिला अल्बम काढतोय, आणि त्यातही तू मला सात मात्रांच्या चालीत दळण दळायला बसवणार. मला काय हवं होतं तुला ठाऊक आहे. शहाऐंशी साली हवं होतं तेच: मोठा घुमणारा ड्रम, चमचमता सिंथ, आणि तिकिटं फाडणाऱ्या माणसालाही घरी जाताना गुणगुणता येईल असं ध्रुवपद.

पण मधे तू जे केलंस ते मी लगेच पुन्हा लावून ऐकलं. चाल छान सातात फिरतेय, डावा हात कीबोर्डवर खाली खर्जात तेच तेच घोळवतोय, आणि मधेच खर्ज थांबतो. उजवा हात एकच सूर धरून बसतो. मला वाटलं कार्ड बिघडलं. मग उजवा एकटाच पुढे निघतो, हळू, जणू पायाखालची जमीन चाचपत. तो थांबा मोजला तर तेरा मात्रा. चमचे घेऊन टेबलावर ठेका धरला आणि पुन्हा मोजल्या, तर तेराच. गेथिन, तू आजवर जे काही रचलंस त्यात हे सगळ्यात सुंदर आहे. इतक्या वर्षांत तुझं तोंडावर कौतुक केलं नसेन, आता करतेय, सांभाळून ठेव.

मी त्या जागेवर सगळे ड्रम नव्याने बसवले. तिथून पुढे माझं ध्रुवपद असं उघडतं की अंगावर काटा येतो. फक्त त्यानंतर खर्ज कुठेच नाही. शेवटासाठी राखून ठेवला आहेस ना? तो पाठव. वीस मार्चला सगळं तबकडीच्या कारखान्यात जायला हवं.

आणि बातमी. ईस्टरच्या आदल्या शनिवारचा नेविन गावचा हॉल मिळाला. पूर्ण अल्बम, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, आपण दोघं, लोकांसमोर.

एलेरी


अबरदारॉन, १९ जानेवारी

एलेरी,

चुरा माझा. लाउरीला कळवू नकोस. हल्ली तिने नवऱ्याच्या साखरेवर पहारा बसवलाय.

तेरा मात्रांचं म्हणशील तर, हो. सुचलं. असं कधी कधी सुचतं. त्याचं फार काही करू नकोस.

खर्ज राखून वगैरे ठेवलेला नाही. मला वाटलं वरचं एवढं पुरे. आणि तुझं ध्रुवपद शेवटी चार वेळा कशाला? लोकांना पहिल्यांदा कळलं नसेल अशी भीती वाटते का?

हॉलचं मात्र राहू दे. तिथे ओल इतकी आहे की कीबोर्डला सर्दी होईल. ईस्टरला इथले सगळे मेंढ्यांच्या बाळंतपणात अडकलेले असतात, ऐकायला कोण येणार? तबकडी निघतेय ना, ती निघू दे. आपल्या आयुष्यात एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

शाळेची बस चालवायचं सोडलं. कंटाळा आला होता. मुलं तीच, वळणं तीच. आता लाउरी गाडी चालवते आणि मी शेजारी बसून तिला ब्रेक कुठे आहे ते सांगतो. तिला ते आवडत नाही.

समोर एन्ली बेट आज स्वच्छ दिसतंय. तू लवकर उरक, एवढंच सांगायचं होतं.

गेथिन


कार्डिफ, २४ जानेवारी

गेथिन,

चिठ्ठी दोन दिवस तशीच ठेवली, तरी राग गेला नाही, म्हणून लिहितेच.

ध्रुवपद चार वेळा कशाला, हे तू विचारतोस? चॅपलमध्ये स्तोत्राच्या शेवटच्या दोन ओळी पाच पाच वेळा कोण म्हणतं? सगळे थकले, बायकांना ओव्हनमधल्या जेवणाची काळजी लागली, तरी हात वर करून ‘पुन्हा एकदा’ म्हणणारा माणूस कोण असतो? तिथे ती भक्ती, आणि मी केलं की पोरकटपणा.

आता मुद्द्याचं. मला दिसतंय काय चाललंय ते. तुला माझं ध्रुवपद नकोच आहे. तोंडाने म्हणत नाहीस, पण खालून खर्ज काढून घेतलास. खर्जाशिवाय ध्रुवपद म्हणजे पाय नसलेलं टेबल, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हॉल ओला आहे, मेंढ्या विताहेत, सगळी निमित्तं. बस सोडलीस, म्हणजे वेळच वेळ आहे तुला. वेळ नाही असं नाही, मन नाही.

शहाऐंशी साली याच नेविनला स्पर्धेच्या दिवशी मी केसांना अर्धा डबा फवारा मारून पायरीवर बसले होते. तू आला नाहीस. मी गाण्यात यंत्राच्या टाळ्या घातल्या म्हणून आला नाहीस. त्यानंतर दहा वर्षं आपण फक्त अंत्ययात्रांना भेटलो. त्याचं मी कधीच काढत नाही, आज काढतेय. गेथिन, मला या अल्बमची भीती वाटत नाही, लोक हसतील याचीही नाही. तू पुन्हा यायचा नाहीस, या एकाच गोष्टीची वाटते.

येणार नसशील तर आत्ता सांग. आणि खर्ज पाठव.

एलेरी


अबरदारॉन, १ फेब्रुवारी

एलेरी,

हा घे तुझा खर्ज. सोबतच्या कार्डावर आहे. तीन दिवस लागले.

ध्रुवपद मला आवडतं. दाढी करताना म्हणतो. लाउरीला विचार.

बाकी काही लिहीत नाही.

गेथिन


कार्डिफ, २० फेब्रुवारी

गेथिन,

उत्तराला उशीर झाला. शाळेत पोरांना कांजिण्या आल्या होत्या, आणि शिवाय मी तुझं कार्ड पुन्हा पुन्हा ऐकत होते.

खर्ज छान बसला. ध्रुवपद आता चारही पायांवर उभं आहे. मागच्या चिठ्ठीत जे बोलले ते बोलले, त्याबद्दल काही म्हणू नकोस.

दोन दिवसांत तुझ्या दारात एक लांबट खोकं येईल. जड आहे, लाउरीला उचलू देऊ नकोस, शेजारच्या दाविदला हाक मार. त्यात पायाने वाजवायच्या पट्ट्या आहेत, त्या जोडल्या की खर्ज पायाने वाजतो. स्वान्झीच्या एका म्हाताऱ्याच्या माळ्यावर पडून होत्या. लांबलचक गाणी वाजवणाऱ्या तुझ्या त्या सगळ्या देवमाणसांच्या पायाखाली हे असायचंच, म्हणून म्हटलं तुझ्याकडेही हवं. चॅपलचा ऑर्गन तू चौदाव्या वर्षापासून पायाने वाजवतोस. आपली आत्या शिकवताना तुझे बूट काढायला लावायची आणि मोज्याला भोक असलं की सगळ्यांसमोर सांगायची.

मला वाटतं, हॉलमध्ये संपूर्ण खर्ज तू पायानेच वाजवावास. दिसायला भारी दिसेल. डावा हात मांडीवर ठेव आणि मोठ्या माणसासारखा बस.

लोकांना नाही आवडलं तर मी आहे टाळ्यांचं यंत्र घेऊन.

एलेरी


अबरदारॉन, २७ फेब्रुवारी

एलेरी,

खोकं आलं. दाविदने आणून ठेवलं. उघडलं, तुझी चिठ्ठी परत वाचली, ‘डावा हात मांडीवर ठेव’ इथपर्यंत आलो आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. लाउरी मागून आली. म्हणाली, “तिला कळलंय.” म्हटलं, “तू सांगितलंस?” म्हणाली, “मी कशाला सांगू? तुला स्वतःला तोंड आहे.” आता सांगतो.

नववर्ष होऊन दोन-तीन दिवस झाले होते. सकाळी मी ‘एन्ली’ रेकॉर्ड करायला वाजवत होतो, चांगलं जमत होतं. मधेच डावा हात थांबला. दुखलं नाही, काही झालं नाही, नुसता थांबला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो माझ्या मनगटाला लावलेला होता, पण माझा नव्हता. उजव्याने धरलेला सूर सोडायचाही मला सुचेना. मग मनात काय आलं माहीत आहे? इतकं बरं चाललंय, आता बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून वाजवावं लागेल. म्हणून उजव्या हाताने पुढे वाजवत शेवटपर्यंत गेलो. लाउरीला तासाभराने कळलं, मला शर्टाची बटणं लावता येईनात तेव्हा. बँगोरला डॉक्टर म्हणाले, मेंदूत बारीक गुठळी. तासभर काय करत होतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाणं संपवत होतो. लाउरी तेव्हापासून माझ्याशी नीट बोललेली नाही.

बस मी सोडली नाही, सोडावी लागली. पाय ठीक आहेत. हात कप उचलतो, कुत्र्याला थोपटतो, पण बोटं सुटी करत नाही, म्हणून ‘एन्ली’चं तेच कार्ड तुला पाठवलं. तुला पाठवलेला खर्ज उजव्या हाताने वाजवून नंतर लावलाय.

तुला सांगितलं का नाही? तू लिहिलंस, आजवरचं सगळ्यात सुंदर. मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरं वाटलं, दोन्ही एकदमच. तू हे कधीच म्हणत नाहीस. म्हटलं, राहू दे दोन दिवस. मग ते परत कसं घ्यायचं ते कळेना.

एलेरी, ती जागा काढून टाक. ती मी रचलेली नाही. माझा हात गेला, त्याचा तो आवाज आहे. माणसं पैसे देऊन तो का ऐकतील? सात पुरे कर, खर्ज जोड, तुला यंत्रावर ते सगळं करता येतं. आणि हॉलला माझ्या जागी दुसरा कुणीतरी बघ. या वेळी आधीच सांगतोय. पायरीवर बसू नकोस.

गेथिन


कार्डिफ, ६ मार्च

गेथिन, माझ्या बाळा,

हे तुला आत्या म्हणायची. आज मी म्हणते, हसू नकोस.

लाउरीने सांगितलं नाही. मी तिला फोनही केला नाही. तिच्याकडून काढून घेतलं असतं, तर तुझ्या पाठीमागे चोरी केल्यासारखं झालं असतं. कार्डावरून कळलं. आत्याच्या हाताखाली आपण एकाच बाकावर बसून शिकलो. तुझी डावी करंगळी खालच्या सुरावर नेहमी दबकत येते, त्यापायी तू किती पट्ट्या खाल्ल्यास ते मी पाहिलंय. या कार्डावर तोच सूर ठणकावून वाजत होता, अंगठ्याने वाजवल्यासारखा. सगळ्यात खालच्या सुरावर अंगठा, म्हणजे हात उजवा. हे लक्षात आल्यावर मी ‘एन्ली’ परत पहिल्यापासून लावलं, आणि खर्ज थांबला तिथे मला सगळं ऐकू आलं.

आपल्यासारख्यांनाच ही चूक जमते, गेथिन. साध्या माणसाने ऐकून विचारलं असतं, हा का थांबला, याला काही झालं का? आणि मी चमचे घेऊन मात्रा मोजल्या. तुला लागलेला मार मी गणित समजून वाखाणला. वर आणखी लिहिलं की तू माझ्यावर सूड उगवतोयस. मला माझीच इतकी चीड आली की त्या दिवशी ड्रमचं कातडं फोडलं.

तू म्हणालास म्हणून ती जागा काढली. सात पुरे केले, खर्ज जोडला, सांधा कुणाला सापडणार नाही. दोन्ही पाठवतेय. मला काय वाटतं ते लिहीत नाही. तो हात तुझा आहे, तू ठरव. काढ म्हणालास तर काढते, आणि पुन्हा कधी विषय काढायची नाही. वीस तारीख विसरू नकोस.

हॉलचं मात्र मी ऐकणार नाही. दुसरा कुणी येणार नाही. तू नाहीस तर मी नाही. मी आयोजकांना दोन तिकिटं सोडून बाकी सगळी विकायला सांगितलीयत. ती दोन लाउरीसाठी. एका खुर्चीवर तिने बसावं, दुसरीवर पर्स ठेवावी.

पायाच्या पट्ट्या जोडल्यास का?

एलेरी


अबरदारॉन, १३ मार्च

एलेरी,

जोडल्या. पहिल्या दिवशी कुत्रा घाबरून फाटकाबाहेर गेला. आता येऊन त्यांच्याशेजारीच झोपतो. पायांना सगळं आठवतंय. मला वाटलं नव्हतं. काल ध्रुवपदाचा खर्ज चारही वेळा न चुकता पायाने वाजला. चौथ्या वेळी मी स्वतःच ओरडलो, पुन्हा एकदा. आता तू म्हणशील ते ऐकून घेतो.

दोन्ही गाणी स्वयंपाकघरात लावली. मी आणि लाउरी समोरासमोर बसलो होतो, ती बटाटे सोलत होती. आधी ती जागा काढलेलं लावलं. नीट होतं. तुझा सांधा मलाही सापडला नाही. लाउरी म्हणाली, “छान आहे,” आणि बटाटे सोलत राहिली. मग दुसरं लावलं. खर्ज थांबला तशी तिची सुरी थांबली. तिने पहिल्यांदाच ऐकलं ते. त्या सकाळी ती वरच्या खोलीत अंथरुणं काढत होती. खाली गाणं चालूच होतं, म्हणून तिला वाटलं मी ठीक आहे. त्याचं तिला किती लागलं होतं हे मला आजवर ठाऊक नव्हतं. ती रडली. मी बंद करायला उठलो, तर म्हणाली, “बस खाली. आता ती येते बघ.” आणि तुझा ड्रम आला. मी उजव्या हाताने एकटाच चाललो होतो, आणि खालून तू आलीस. लाउरी म्हणाली, “हे काढलंत तर त्या दिवशी तू एकटाच राहशील.”

म्हणून राहू दे. तसंच जाऊ दे कारखान्यात. फक्त पाकिटावर मी रचलं असं छापू नकोस. काहीच छापू नकोस.

येतो मी नेविनला. लाउरी गाडी चालवेल, मी ब्रेक सांगेन.

पण एक अडचण आहे आणि ती खरी आहे. ती जागा मला वाजवता येत नाही. बाकी सगळं येतं. तेरा मोजून बघितले, पायाने ठोकून बघितलं, लाउरीला मोजायला बसवलं. प्रत्येक वेळी घाई होते, नाहीतर मी अडकून पडतो. ज्याने ते वाजवलं तो मोजत नव्हता, हाताकडे बघत होता. आता हॉलभर लोक बसलेले असतील, खर्ज थांबेल, आणि मला कळणार नाही कधी निघायचं. मला पुन्हा तिथे एकटं बसायची भीती वाटते. ड्रमची काठी वर करून खूण करू नकोस, लोकांना दिसेल. पण काहीतरी कर.

गेथिन


कार्डिफ, १७ मार्च

गेथिन,

आज पाठवलं कारखान्यात, तुझ्या हातासकट.

मोजू नकोस. मीही मोजणार नाही. कार्डावर तू थांबलास तेवढी मी थांबले, तू निघालास तशी मागून निघाले, ते तेरा निघाले हा योगायोग. हॉलमध्ये तुला हवं तेवढं थांब. हाताकडे बघ, लाउरीकडे बघ, वाटलं तर खिडकीबाहेर बघ. चाळीस झाले तरी चालतील. लोकांना वाटेल फार अवघड चाल आहे, वाटू दे.

तुला निघावंसं वाटेल तेव्हा निघ. मी तिथेच मागे काठ्या हातात धरून बसलेली असेन.

एलेरी